दमयंतीची निवड आणि आजच्या प्रेमकादंबऱ्या

नागपुरातल्या तरुण मुली वाचत नाहीत, हे विधान आता कोणी करू नये. महाविद्यालयांच्या वाचनकक्षांत, वसतिगृहांत, मेट्रोच्या डब्यात आणि बर्डीच्या फुटपाथवर मांडलेल्या पुस्तकांभोवती ज्यांनी थोडे लक्ष देऊन पाहिले असेल, त्यांना 500-600 पानांच्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या हाताळणाऱ्या मुली नक्कीच दिसल्या असतील. या कादंबऱ्यांत ड्रॅगन असतात, परीलोकातले दरबार असतात, युद्धशाळा असतात आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक प्रेमकथा असते. प्रेमकथा आणि अद्भुतकथा यांच्या या मिश्रणाला प्रकाशनव्यवसायाने 'रोमँटसी' असे नाव दिले आहे. टिकटॉक आपल्याकडे जून 2020 पासून बंद असले, तरी तिथे गाजलेली पुस्तके इन्स्टाग्रामच्या रील्समधून इथपर्यंत पोचतातच. रेबेका यारोस यांच्या ड्रॅगनमालिकेतला तिसरा भाग, 'ऑनिक्स स्टॉर्म', जानेवारी 2025 मध्ये बाजारात आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या 27 लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्या लाटेचा एक हिस्सा धरमपेठेतल्या आणि प्रतापनगरातल्या घरांतही आलेला आहे.

या वाचनाकडे पाहण्याच्या आपल्या दोन ठरलेल्या रीती आहेत. पहिली उघड नापसंतीची आहे: असले काय वाचता, जरा चांगले काही वाचा. दुसरी रीत समजूतदारपणाची आहे: काही का असेना, वाचतात तरी. ही दुसरी रीत दिसायला उदार असली, तरी या पुस्तकांबद्दल बोलण्याजोगे काहीच नाही हे तिनेही गृहीत धरलेले असते. मला दोन्ही रीती चुकीच्या वाटतात. एकोणीस वर्षांची मुलगी ज्या पुस्तकासोबत रात्र जागवते, ते पुस्तक तिच्याशी प्रेम म्हणजे काय, कोणाला क्षमा करावी, कोणाला सोडून जावे, स्वतःच्या शरीराबद्दल किती लाज बाळगावी आणि किती अभिमान, या विषयांवर बोलत असते. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टींवर बोलणाऱ्या पुस्तकाला निकष लावायलाच हवेत, आणि ते लावायचे म्हणजे आधी ते पुस्तक मन लावून वाचायला हवे. मराठी समीक्षेने हे काम टाळले आहे, आणि ते तिने आजच टाळलेले नाही.

मराठी कादंबरीचा जन्म झाला तेव्हा वास्तव आणि अद्भुत ही दोन्ही अंगे तिच्यात होती. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' 1857 मध्ये विधवांच्या दुःस्थितीची कैफियत घेऊन आली, आणि चारच वर्षांनी लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाले'ने अद्भुतरम्य कादंबरीची वाट उघडली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी सामाजिक कादंबरीला जे सामर्थ्य मिळवून दिले ते इतके मोठे होते की, वास्तवदर्शन हीच कादंबरीच्या प्रतिष्ठेची अट होऊन बसली. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ची पारायणे झाली, गो. ना. दातारांच्या कादंबऱ्यांवर पिढ्या पोसल्या, पण त्यांचा उल्लेख बहुधा बालपणीच्या आठवणींत होतो, कादंबरीच्या चर्चेत होत नाही. प्रेमकादंबरीच्या वाट्याला ना. सी. फडके यांच्या रूपाने अफाट लोकप्रियता आली, परंतु तिच्याविषयीचा वाद कलेसाठी कला की जीवनासाठी कला या मुद्द्यावर अडून राहिला. त्या प्रेमकथांतली स्त्री नेमके काय निवडते, का निवडते आणि त्या निवडीची किंमत कोण मोजते, हे प्रश्न त्या वादात क्वचितच आले.

याला नागपूरने एक सन्माननीय अपवाद दिला आहे. इथे इंग्रजी शिकवणाऱ्या आणि पुढे 1961 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झालेल्या कुसुमावती देशपांडे यांनी 1950 च्या दशकात मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा घेतला, तेव्हा अद्भुतरम्य कादंबऱ्यांनाही त्यात जागा दिली. ज्या कठोर, सुशिक्षित बुद्धीने त्यांनी हे काम केले, त्याच बुद्धीच्या बाईने तरुणपणी कवी अनिलांना प्रेमपत्रे लिहिली होती, आणि दोघांची ती पत्रे 1972 मध्ये 'कुसुमानिल' या नावाने प्रकाशित झाली. प्रेमाविषयी उत्कटतेने लिहिणे आणि साहित्याविषयी काटेकोरपणे विचार करणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे मानण्याचे कारण निदान नागपूरकरांना तरी नाही.

निकष कोणता, हा खरा प्रश्न आहे. तो बाहेरून उसना आणावा लागत नाही, कारण प्रेम आणि अद्भुत यांचे मिश्रण ही विदर्भाला नवी गोष्ट नाही. रुक्मिणी इथली, आणि तिने स्वतः पत्र लिहून, ब्राह्मणाच्या हाती ते धाडून आपला वर आपण ठरवला. तेराव्या शतकाच्या अखेरीस नरेंद्र कवीने तिचे स्वयंवर रचले, आणि महदंबेने तिच्याच लग्नाचे धवळे, म्हणजे लग्नगीते, गाइली. अज राजाला वरणारी इंदुमती इथली आणि अगस्त्यांची पत्नी लोपामुद्राही इथलीच. रामटेकच्या डोंगरावर उभे राहिले की मेघाकरवी निरोप धाडणारा यक्ष आठवल्याशिवाय राहत नाही. मात्र या सर्वांत मला आजच्या वाचकासाठी सर्वांत मोलाची वाटते ती महाभारताच्या वनपर्वातली दमयंती, विदर्भराज भीमाची मुलगी.

तिची कथा आपण पाठ्यपुस्तकात थोडक्यात वाचतो आणि विसरतो, म्हणून ती जरा सावकाश पाहण्याची गरज आहे. नळावर तिचे मन जडलेले आहे. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव तिच्या स्वयंवराला निघतात आणि आपला निरोप पोचवण्याचे काम नळालाच सांगतात. नळ दिलेल्या शब्दाला जागून तो निरोप प्रामाणिकपणे पोचवतो. दमयंती देवांना नकार देते. मग स्वयंवराच्या मंडपात तिच्यासमोर एकसारखे पाच नळ उभे राहतात, कारण चारही देवांनी नळाचे रूप घेतलेले असते. ती आपल्या सत्याची साक्ष काढून देवांना त्यांची खरी चिन्हे प्रकट करायला लावते, आणि तिला फरक दिसतो. देवांच्या अंगाला घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, त्यांचे पाय भुईला टेकत नाहीत. पाचव्याच्या अंगावर धूळ आणि घाम आहे, त्याची माळ सुकली आहे, त्याची सावली जमिनीवर पडली आहे. ती त्याच्या गळ्यात माळ घालते. अमरत्व समोर चालत आले असताना, मरणार आहे आणि चुकणार आहे अशा माणसाला तिने डोळे उघडे ठेवून निवडले. तो पुढे खरोखरच चुकतो. द्यूतात राज्य घालवतो आणि रानात तिला झोपेत टाकून निघून जातो. तेव्हाही ती नशिबाला बोल लावत बसत नाही. माणसे धाडून त्याचा माग काढते, दुसऱ्या स्वयंवराची बातमी पसरवून त्याला कुंडिनपुरात आणते, रूप पालटून आलेल्या त्या सारथ्याला त्याच्या हातच्या स्वयंपाकावरून पारखते, आणि त्याचा स्वीकार करण्याआधी त्याला स्पष्ट विचारते की, निरपराध बायकोला रानात टाकून जाणारा पुरुष तुझ्या पाहण्यात आला आहे काय.

प्रेमकथा कितीही अद्भुत असो, तिच्यातली निवड खरी आहे की नाही, हा निकष मी या कथेतून घेते. निवडणारीला समोरच्याचे खरे रूप दिसते आहे का, नकार देण्याची वाट तिला मोकळी आहे का, आणि चूक झाल्यावर जाब विचारण्याचा तिचा हक्क कथेने शाबूत ठेवला आहे का, हे त्यात आलेच.

या निकषावर आजची सर्वांत गाजलेली मालिका पाहू. सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही कादंबरी 2015 मध्ये आली. घरच्यांचे पोट भरण्यासाठी शिकार करणारी फेरा परीलोकात नेली जाते आणि तिथल्या एका सरदाराच्या प्रेमात पडते, ही तिची सुरुवात. मालिकेचा दुसरा भाग मला मनापासून आवडतो, कारण पहिल्या भागात आदर्श वाटलेला हा प्रियकर तिच्या सुरक्षेच्या नावाखाली तिला वाड्यात कोंडून ठेवतो, आणि लेखिका त्या कोंडण्याला प्रेम म्हणत नाही. काळजी आणि कैद यांतला फरक इतक्या स्पष्टपणे सांगणारी लोकप्रिय कादंबरी कोणत्याही भाषेतल्या मुलीने वाचावी. जिथे मुलीने रात्री आठनंतर बाहेर पडायचे की नाही यावर रोज घराघरांत वाद होतात, त्या आपल्या शहरात तर ती जरूर वाचली जावी. परंतु याच भागात मालिका एक दुसरी कल्पना आणते: विधीने आधीच जोडून ठेवलेल्या जोडीदाराची. फेराचा खरा सोबती ठरलेलाच होता, बंध जुळलेलाच होता, तिला तो ओळखायचा तेवढा बाकी होता. कादंबरीने एका हाताने दिलेले स्वातंत्र्य इथे दुसऱ्या हाताने काढून घेतले. जे आधीच ठरलेले आहे, त्याला निवड कसे म्हणायचे? शिवाय हा सोबती 500 वर्षांहून मोठा, अमर, सर्वशक्तिमान. आणि पहिल्या भागाच्या अखेरीस मरून पुन्हा उठलेली फेरा स्वतःही अमर झालेली. दमयंतीने घाम आणि धूळ पाहून माणूस ओळखला; इथे प्रेमाच्या योग्यतेसाठी नायिकेचे माणूसपण आधी संपवावे लागते.

याचा परिणाम पुढे दिसतो. मालिकेच्या 2021 मध्ये आलेल्या भागात फेरा गरोदर असते, बाळंतपणात तिचा जीव जाण्याची दाट शक्यता असते, आणि ही गोष्ट तिचा नवरा, म्हणजे विधीने ठरवलेला तोच सोबती, व जवळची माणसे तिच्यापासून लपवून ठेवतात. दुसऱ्या भागात कैदेला कैद म्हणणारी लेखिका इथे फेराला नवऱ्याकडे खरा जाब मागायला लावत नाही. फेराची बहीण तिला सत्य सांगते, तर कथेत उलट तिच्यावरच राग निघतो. बाईच्या शरीराविषयीची माहिती बाईला न सांगता घरातल्यांनी परस्पर निर्णय घ्यायचे, हे आपल्याकडच्या असंख्य घरांतले वास्तव आहे. परीलोकाच्या आवरणाखाली तेच वास्तव प्रेम म्हणून समोर येते, तेव्हा समीक्षकाने गप्प राहणे मला अक्षम्य वाटते. या मालिकेच्या लाखो चाहत्यांपैकी अनेकींनी हा प्रश्न आपापसांत विचारला आहे. तो साहित्याच्या व्यासपीठावर विचारला जात नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

यारोस यांच्या 'फोर्थ विंग'विषयी, म्हणजे 2023 मध्ये आलेल्या पहिल्या भागाविषयी, माझे मत अधिक अनुकूल आहे आणि त्याचे कारण नायिकेचे शरीर आहे. व्हायोलेटचे सांधे सहज निखळतात, हाडे लवकर मोडतात. लेखिकेला स्वतःला एलर्स-डॅन्लोस सिंड्रोम हा संयोजी ऊतींचा विकार आहे, आणि तो अनुभव पानापानांत जाणवतो: दुखणारा गुडघा बांधून पायऱ्या चढणे, कोणत्या हालचालीने खांदा निसटेल याचा आधीच हिशेब करणे, वेदनेची वाच्यता न करणे. लेखनिक होण्यासाठी वाढलेल्या या मुलीला सेनानी असलेली आई ड्रॅगनस्वारांच्या शाळेत घालते, जिथे दुबळ्यांनी मरावे असाच नियम आहे. इतर स्वार खोगिराशिवाय बसतात. व्हायोलेटला तसे बसून राहता येत नाही, म्हणून तिच्यासाठी खोगीर बनवले जाते. मला हा प्रसंग या कादंबरीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात अपंगत्व जादूने बरे होत नाही. शरीर आहे तसेच राहते आणि साधन शरीराप्रमाणे बदलते. आपल्या कथांत अपंग व्यक्ती एकतर दयेचा विषय असते किंवा शेवटी चमत्काराने बरी होते. ज्या मुलीने महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत लिफ्टविना रोज पोचण्याचा झगडा केला आहे, तिला हे खोगीर काय सांगत असेल याची कल्पना करता येते.

त्याच कादंबरीत आणखी एक बळकट धागा आहे. राज्यकर्त्यांनी इतिहासाच्या दफ्तरातून एका भयानक शत्रूची नोंदच पुसून टाकली आहे आणि नागरिकांना त्याचे अस्तित्वच माहीत नाही. ग्रंथालयात वाढलेली नायिका हे खोटे हळूहळू उलगडते. दफ्तर कोण सांभाळतो आणि त्यातून काय काढून टाकतो, हा प्रश्न घेऊन येणारी लोकप्रिय कादंबरी हलकी म्हणून बाजूला सारता येत नाही. दुर्दैवाने लेखिका या धाग्याला पुरेसा वेळ देत नाही. मृत्यू इतक्या घाईने येतात की सहाध्यायी गेल्याचे दुःख पुढच्या प्रकरणापर्यंत टिकत नाही, आणि तिसऱ्या भागाच्या अखेरीस उत्तराऐवजी पुढच्या भागाची ओढ तेवढी शिल्लक राहते. ही घाई मालिकेच्या व्यापारातून आलेली आहे, आणि ती साहित्यिक दोष म्हणूनच नोंदली गेली पाहिजे.

ताशा सुरी यांच्या 'द जस्मिन थ्रोन'ला, म्हणजे 2021 च्या कादंबरीला, वर्ल्ड फँटसी अवॉर्ड मिळाले. भारतीय इतिहासाची छाया असलेल्या साम्राज्यात एका राजकन्येला पवित्र अग्नीत जळण्याचा आदेश होतो, ती नकार देते, आणि तिला कैदेत ठेवलेल्या ठिकाणी तिची गाठ एका दासीशी पडते. या दोन स्त्रियांचे प्रेम जसे वाढत जाते, तशी त्यांच्या राजकीय हितांतली दरीही वाढत जाते. प्रेमामुळे राजकारण विरघळून जात नाही. सतीच्या चितेची आठवण ज्या समाजाच्या स्मृतीत आहे, त्याच्याइतके हे पुस्तक कोणाला समजेल? आणि तरीही मराठी साहित्यचर्चेत त्याचा उल्लेख मला भेटलेला नाही.

शृंगाराच्या प्रश्नावर थोडेच बोलते, कारण त्यावर गोंगाट बराच झाला आहे. या कादंबऱ्यांत शरीरसंबंधांची मोकळी वर्णने असतात आणि पालकांचा पहिला आक्षेप तिथे असतो. महाराष्ट्राला हा वाद जुना आहे. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा 'रंभा'च्या 1962 च्या दिवाळी अंकात आली, अश्लीलतेचा खटला झाला, आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. लैंगिकतेचा केवळ उल्लेख म्हणजे अश्लीलता मानली, तर धार्मिक ग्रंथांखेरीज काहीच विकता येणार नाही, असा त्या निकालातला युक्तिवाद होता. तो मला आजही पटतो. मात्र वयाचा मुद्दा खरा आहे. मास यांची मालिका सुरुवातीला किशोर वाचकांच्या विभागात प्रसिद्ध झाली आणि नंतर, 2020 मध्ये, प्रौढांसाठीच्या रूपात तिची मांडणी बदलली. दुकानदाराने ती तेरा वर्षांच्या मुलीला परीकथा म्हणून देऊ नये, आणि ग्रंथपालाने तिची जागा नीट ठरवावी. त्यासाठी दोघांनी ती चाळलेली असली पाहिजे, आणि बंदीची भाषा करणाऱ्यांनी तर पूर्ण वाचलेली असली पाहिजे.

विक्रीची भाषा पुस्तकाचा आशय कसा झाकते याचे उदाहरण कोलीन हूवर यांच्या 'इट एंड्स विथ अस'मध्ये दिसते. नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडणाऱ्या बाईची ही 2016 मधली कादंबरी, आईचा मार पाहत वाढलेली मुलगी स्वतः त्याच जागी येऊन पोचते तेव्हा सोडून जाणे किती अवघड असते, हे समजुतीने दाखवते. तिच्यावर आधारित रंगवण्याची वही 2023 मध्ये जाहीर झाली आणि वाचकांच्या संतापानंतर मागे घेतली गेली. तो संताप योग्यच होता. कौटुंबिक हिंसेच्या कथेभोवती फुलाफुलांची सजावट करून ती गोड प्रेमकथा म्हणून खपवली, की ज्या मुलीला तिची खरी गरज आहे तिच्यापर्यंत ती चुकीच्या अर्थाने पोचते.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. ज्या विदर्भात शेतकरी कर्जापायी जीव देतो, तिथे ड्रॅगन आणि परीलोकाच्या कथा वाचणे हे पळून जाणे नव्हे काय? हा आक्षेप घेणाऱ्यांच्या कळकळीबद्दल मला आदर आहे. पण नळदमयंतीची कथा महाभारतात कोणाला सांगितली आहे ते पाहावे. द्यूतात सर्वस्व गमावून वनात बसलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी ती सांगतात. माझ्याइतका अभागी राजा दुसरा कोणी असेल का, हा त्याचा प्रश्न आहे, आणि उत्तरादाखल त्याला दुसऱ्या एका जुगारात बुडालेल्या राजाची कथा ऐकवली जाते, ज्यात बोलणारा हंस आहे, देवांची सोंगे आहेत, सर्पदंशाने पालटलेले रूप आहे. ही अद्भुतकथा त्याच्या जखमेपासून दूर जात नाही, थेट जखमेवरच येते. आणि कथा संपल्यावर तोच ऋषी त्याला फाशांची विद्या शिकवतो. अद्भुत कथेने वास्तवाशी असे नाते ठेवावे. ते नाते जिथे तुटते, तिथे पळून जाण्याचा आरोप खरा ठरतो, आणि आजच्या पुष्कळशा कादंबऱ्यांवर तो खरा ठरेल. पण म्हणून हा आरोप सगळ्या प्रकारावर लादता येत नाही. तो एकेका पुस्तकावर, ते वाचून सिद्ध करावा लागतो.

मराठीत हे साहित्य नाहीच, असेही नाही. प्रतिलिपीसारख्या माध्यमावर मराठी प्रेमकथांच्या मालिका रोज लिहिल्या आणि वाचल्या जातात. अनेक लेखिका घरकाम आणि नोकरी सांभाळून, मोबाइलवर टाइप करून लिहितात. त्यांच्या चिकाटीचे मला मोठे कौतुक आहे, आणि त्यांच्या कथांविषयी काळजीही वाटते. खडूस, श्रीमंत, हुकूमत गाजवणारा नायक. नाइलाजाने झालेले किंवा कराराने ठरलेले लग्न. त्याच्या संशयाला आणि रागाला प्रेमाची खूण मानणारी नायिका. हा साचा तिथे पुन्हा पुन्हा दिसतो. या लेखिकांना संपादक मिळत नाही, परीक्षण मिळत नाही, मिळते ती फक्त वाचकसंख्या, आणि वाचकसंख्या साचाच बळकट करते. वाशीमच्या गीता साने 1936 मध्ये 'हिरवळीखाली' आणि 'निखळलेली हिरकणी' यांतून विवाहसंस्थेलाच प्रश्न करत होत्या. त्यांच्याच प्रदेशातली आजची लेखिका त्यांचे नावही न ऐकता लिहू लागते, याची जबाबदारी तिच्यापेक्षा आपल्या संस्थांवर अधिक आहे.

या मराठी कथांची सर्वांत मोठी उणीव मात्र दुसरी आहे. प्रेमकथेला अडथळा लागतो. इंग्रजी लेखिकांना तो कल्पनेने उभारावा लागतो: दोन शत्रुराज्ये, जुना शाप, निषिद्ध वंश. आपल्या दाराशी तो उभाच आहे आणि त्याचे नाव जात आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला ज्या शहरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, त्या शहरातल्या प्रेमकथेत नायकनायिकांची आडनावे गाळली जावीत, हे मला फार खुपते. विशेष विवाह कायदा 1954 चा. त्याखाली लग्न करायचे तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. त्या 30 दिवसांत नातेवाईक, शेजारी, गावकरी यांच्यापासून दोन माणसांनी आपली निवड कशी जपली, यात कोणत्याही युद्धशाळेपेक्षा कमी थरार नाही. इथे नायिकेची निवड खरी असते, तिला किंमत असते, आणि तिला विधीने ठरवलेला बंध म्हणून मोकळे होता येत नाही. असे लिहिणाऱ्याला गोड शेवट करण्याची मनाई नाही. उलट त्या नोटिशीनंतरचा सुखाचा संसार रंगवणे हे मोठे धाडस ठरेल.

अद्भुताची सामग्रीही इथे विपुल आहे. ताडोबाच्या तळ्याकाठी ज्याचे ठाणे आहे तो तारू, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, असे लोक सांगतात. गोंड राजांनी वसवलेल्या या शहराच्या आसपास अशा कथांचा मोठा साठा आहे. तो साठा आयता उचलून नटवण्याचा हक्क शहरी लेखकाला आपोआप मिळत नाही, हेही इथेच नोंदवते; गोंड समाजातल्या तरुण लेखकांनी त्या कथा आपल्या दृष्टीने सांगाव्यात आणि प्रकाशकांनी त्यांना त्यासाठी वेळ, पैसा आणि चांगला संपादक द्यावा, हे मला अधिक न्याय्य वाटते. मराठी प्रकाशकाला इंग्रजी मालिकेच्या भाषांतराचे हक्क घेणे परवडत नसेलही, पण नव्या लेखिकेच्या हस्तलिखितावर सहा महिने काम करणारा संपादक नेमणे त्याच्या आवाक्याबाहेरचे नाही.

विदर्भ साहित्य संघाला 2023 मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच्या 'युगवाणी' या नियतकालिकाने आणि आपल्याकडच्या दिवाळी अंकांनी दरवर्षी निदान चार-पाच प्रेमकादंबऱ्या आणि अद्भुतकादंबऱ्या, मराठी असोत की इंग्रजी, सविस्तर परीक्षणासाठी घ्याव्यात. ही परीक्षणे लिहिण्याचे काम, ज्यांनी ही पुस्तके खरोखर वाचली आहेत अशा वीस-बावीस वर्षांच्या मुलींकडे सोपवावे, आणि ज्येष्ठ समीक्षकांनी त्यांच्याशी छापील पानावर वाद घालावा. फेराच्या नवऱ्याला क्षमा करावी की करू नये, यावर आपल्या नियतकालिकांत दोन अंक वाद चालला तर त्यात कोणाचीही प्रतिष्ठा कमी होणार नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच मुलींपैकी एखादी आपली कादंबरी मराठीत लिहायला बसली तर तिला आपल्या वाचकांनी काय विचारले होते हे आधीच माहीत असेल.